कर्नल सी. के. नायडू : धावफलकात न दिसणारा खेळाडू ओळखणारा कप्तान

३१ ऑक्टोबर ही कर्नल सी. के. नायडूंची जयंती. इंदूरच्या मराठी घरांत साठी ओलांडलेल्या माणसाला सीके कोण हे सांगावं लागत नाही. पण आमच्या सांवेर रोडच्या बाजूला आता नोकरीनिमित्त बाहेरून आलेली तरुण कुटुंबं पुष्कळ झाली आहेत, आणि त्यांच्या मुलांना नायडू म्हणजे एका करंडकाचं नाव एवढंच ठाऊक असतं. त्या मंडळींसाठी हा लेख. सीकेंची सगळी कारकीर्द इथे मांडायचा आमचा विचार नाही. पोरसवदा मुलाकडे बघून हा पुढे काय होईल हे ओळखणं, आणि ओळखल्यावर त्याच्या मागे उभं राहणं, या एका अंगाने त्यांचं आयुष्य पाहावं असं आम्हाला फार दिवस वाटत होतं.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म १८९५ सालचा, नागपूरचा. घराणं तेलुगू, आजोबा वकील, आणि घर नागपुरात पक्कं रुजलेलं. शिक्षण हिस्लॉपमध्ये. उंच, ताठ बांधा आणि लांब हात, म्हणजे आजच्या निवड समितीने पहिल्या नजरेतच वहीत नाव टिपून घ्यावं असा मुलगा. पण झालं काय ते पाहा. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते पहिल्यांदा मोठ्या सामन्यात उतरले, तेव्हा त्यांना फलंदाजीला नवव्या क्रमांकावर ठेवलं होतं! संघाची अवस्था ७ बाद ७९. सीकेंनी पहिले तीन चेंडू निमूटपणे अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावला. मोठ्या क्रिकेटमधल्या त्यांच्या पहिल्या धावा षटकाराच्या आहेत.

हिंदुस्थानचा पहिला कसोटी कप्तान ज्याला व्हायचं होतं, त्याला त्याच्या निवडकर्त्यांनी नवव्या क्रमांकाचा खेळाडू मानलं होतं, हे आम्हाला फार बोलकं वाटतं. त्यात निवडकर्त्यांची फार चूक होती असंही नाही. समोर मुलगा असतो, पुढची वीस वर्षं समोर नसतात.

१९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतलं आणि फौजेत कप्तानाचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. तेव्हापासून नागपूरचे सीके इंदूरचे झाले ते अखेरपर्यंत. १९२६ च्या डिसेंबरात मुंबई जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार होते. हिंदुस्थानला कसोटी खेळायला मिळावी या मागणीला त्या खेळीने मोठं बळ आलं आणि दोनच वर्षांनी क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर आम्ही थोडक्यात बोलणार आहोत, कारण तो भाग सर्वांनी वाचलेला असतो. संघाचा कप्तान त्या काळी जन्मावरून ठरायचा. पोरबंदरचे महाराज दौऱ्याचे कप्तान होते. लॉर्ड्सच्या कसोटीला मात्र ते बाजूला झाले आणि नायडूंकडे नेतृत्व आलं. राजघराण्यातला नसलेला माणूस कप्तान झाला हे संघातल्या काहींना रुचलं नव्हतं. झेल घेताना हात दुखावलेला असूनही सीकेंनी पहिल्या डावात ४० धावा केल्या, आणि त्या डावातली तीच सर्वांत मोठी धावसंख्या होती. वय होतं ३६. दौऱ्यात एकूण १,६१८ धावा आणि ६५ बळी. पुढच्या वर्षी विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच खेळाडूंत घेतलं.

छत्तिसाव्या वर्षी पहिली कसोटी! ज्याला स्वतःला एवढं थांबावं लागलं, तो दुसऱ्यांकडे कसा बघत असेल?

इंदुरात मुश्ताक अली नावाचा मुलगा होता. सीकेंची नजर त्याच्यावर पडली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तेराव्या वर्षी कुणाची उंची ठरलेली नसते की ताकद, धावांच्या आकड्यांनाही फारसा अर्थ नसतो. मग सीकेंनी काय पाहिलं असेल? आमचा अंदाज असा की पाय पाहिले असतील. मुश्ताक अलींना ज्यांनी खेळताना पाहिलं ते सगळे अजून त्यांच्या पायांबद्दल बोलतात, वेगवान गोलंदाजालाही क्रीझ सोडून पुढे जाणाऱ्या त्या पायांबद्दल.

यातली खरी गंमत पुढेच आहे. १९३४ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या कसोटीत सीके कप्तान असताना एकोणीस वर्षांचे दोन तरुण पहिल्यांदा खेळले. एक मुश्ताक अली आणि दुसरे सीकेंचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू. मुश्ताकना घेतलं होतं डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. अडीच वर्षांनी, १९३६ च्या जुलैत, हाच गोलंदाज मँचेस्टरला विजय मर्चंटांबरोबर सलामीला आला, ११२ धावा केल्या आणि पहिल्या जोडीसाठी २०३ धावांची भागी झाली. परदेशात कसोटी शतक करणारा तो पहिला भारतीय. सीएस मात्र खरोखरच गोलंदाज होते, लेगस्पिनर, आपल्याकडच्या मैदानांवर भल्याभल्यांना नाचवणारे. त्यांनी ११ कसोट्या खेळल्या आणि बळी मिळाले अवघे २.

एकाच सामन्यात पदार्पण केलेले एकाच वयाचे दोन तरुण, दोघंही सीकेंच्या सावलीत वाढलेले. एकाला ज्यासाठी घेतलं ते बाजूला राहिलं आणि दुसरंच हाती लागलं. दुसऱ्याकडे जे नक्की होतं, ते त्या पातळीवर चाललं नाही. सीकेंसारख्या जाणत्या माणसाच्या जवळच्या मुलांचं हे झालं, तर एका सकाळी दोन तासांत चाळीस मुलं बघणाऱ्या निवडकर्त्याची काय कथा?

आम्ही बँकेत असताना काही वर्षं सांवेर रोडच्या औद्योगिक क्षेत्रातल्या छोट्या कारखान्यांची कर्जप्रकरणं बघितली. बाणगंगेच्या पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ते कारखाने सुरू होतात. ताळेबंद सगळ्यांचे चांगलेच असायचे, सीए तो चांगलाच करून द्यायचा. पण ताळेबंद म्हणजे गेलं वर्ष, आणि कर्ज द्यायचं असतं येणाऱ्या वर्षांवर. म्हणून आम्ही कारखान्यात जाऊन बघायचो. यंत्र बंद पडलं तर मालक स्वतः पान्हा हातात घेतो का, जुने कामगार टिकलेत का, कच्चा माल नीट रचलाय का. यांतलं काहीही कागदावर नसतं, पण वसुली होणार की नाही ते बरंचसं तिथेच कळतं.

खेळातही एक बाजू कागदावर येते आणि एक येत नाही. केलेल्या धावा लिहितात, वाचवलेल्या धावांना रकाना नसतो. कव्हरला उभा असलेला मुलगा इतका चपळ असतो की फलंदाज तिकडे एकेरी धाव घ्यायचंच सोडून देतो. त्या न घेतलेल्या धावा कुठल्या वहीत सापडणार? सीके स्वतः उत्तम क्षेत्ररक्षक होते, मध्यमगती गोलंदाजी टाकायचे, पहिल्या दर्जाच्या सामन्यांत ११,८२५ धावांबरोबर त्यांचे ४११ बळी आहेत. शिस्त कडक, तंदुरुस्तीवर भर. अशा माणसाच्या हाताखाली खेळणाऱ्याला फक्त बॅट चालवून भागलं नसणार.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण आमच्या वसाहतीतली नातवंडं हल्ली क्रिकेटपेक्षा बास्केटबॉलबद्दल जास्त बोलतात. रेसकोर्स रोडला होळकर स्टेडियम आहे आणि त्याच रस्त्याला बास्केटबॉल कॉम्प्लेक्सही आहे, म्हणजे आडवळण फार लांबचं नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो, संघ आळीपाळीने नवे तरुण निवडतात. त्यात सर्वांत अवघड निवड असते उंच मुलांची. मुलगा सात फुटांचा आहे हे फूटपट्टी सांगते. पण समोरचा खेळाडू रिंगकडे झेपावला तर हा त्याला अडवेल का, हे फूटपट्टी सांगत नाही. त्यासाठी बघायचं असतं की तो बाजूला सरकताना पाय अडकतात का, हुलकावणीला फसून आधीच उडी मारतो का, एकदा उडी मारून खाली आल्यावर लगेच दुसरी मारू शकतो का, आणि मागून साथीदारांना आवाज देऊन सावध करतो का. गुण किती केले हा प्रश्न त्या कामापुरता नंतरचा.

१९५६ च्या ड्राफ्टमध्ये बिल रसेल दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याची नेमबाजी बेताची आहे, असं म्हणणारे जाणकार कमी नव्हते. ज्या सेंट लुइसने निवडला, त्यांनी तो लगेच बोस्टनला देऊन टाकला. पुढच्या तेरा हंगामांत बोस्टनने अकरा विजेतेपदं जिंकली, आणि त्यांचा कणा होता रसेलचा बचाव. त्याने प्रतिस्पर्ध्यांचे किती फटके हवेत अडवले याचा अधिकृत आकडा मात्र नाही. त्या काळी तो रकानाच नव्हता. तो सुरू झाला १९७३-७४ पासून, रसेल निवृत्त झाल्यावर. उलट आपला पंजाबचा सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसने निवडला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय म्हणून सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आला. त्या लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

हे सांगायला कारण घडलं. आमच्या ओळखीतला एक उंच मुलगा, नाव सांगत नाही, निवड चाचणीला गेला. त्याने दोनच बास्केट केले म्हणून त्याला परत पाठवलं. त्याच्यासमोर खेळणाऱ्या उंच मुलाने एकही केला नव्हता, ते कुणी विचारात घेतलं नाही. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आई म्हणते आता अभ्यासच कर. अभ्यास करावाच, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण हिशेब अर्धाच मांडला गेला एवढं बी.कॉम. झालेल्या माणसाला खटकतंच.

आता पुन्हा होळकरांच्या संघाकडे. १९४१ ते १९५५ या काळात होळकर संघाने रणजी करंडकाच्या दहा अंतिम फेऱ्या गाठल्या आणि चार वेळा करंडक जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. हा संघ जमवताना खेळाडू बाहेरूनही आणले, घरचेही घडवले. महाराजांचा पैसा आणि नोकऱ्या होत्या हे खरं. पण पैसा आणि नोकऱ्या इतर संस्थानांकडेही होत्या.

चंदू सरवटे मूळचे सागरचे. मध्यप्रांत आणि महाराष्ट्राकडून खेळून ते होळकर संघात आले आणि इंदूरचेच झाले. फलंदाजी सलामीपासून शेपटापर्यंत कुठेही, आणि फिरकी दिवसभर. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एका डावात सहा शतकं, हा विक्रमच: भांडारकर, सरवटे, जगदाळे, स्वतः सीके, निंबाळकर आणि प्रताप सिंग. नावं पुन्हा एकदा वाचा, आपल्याच समाजाची यादी वाटावी. लोकांना ते ९१२ लक्षात राहतात. आम्हाला मात्र त्याच सामन्यात सरवट्यांनी एका डावात ६१ धावांत घेतलेले ९ बळी जास्त मोलाचे वाटतात, कारण धावांचा डोंगर रचून सामना अर्धाच होतो. पुढे अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध सीकेंनी २०० धावा केल्या. त्यांच्या आयुष्यातली ती सर्वोच्च खेळी. वय वर्षं पन्नास!

बचावाची कसोटी लागली ती हरलेल्या सामन्यांत. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने दोन डावांत ४६२ आणि ७६४ धावा केल्या. सी. एस. नायडूंनी त्या एका सामन्यात १५२.५ षटकं टाकली, म्हणजे ९१७ चेंडू. ११ बळी घेतले आणि ४२८ धावा दिल्या. होळकरांकडून खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या तरी सामना ३७४ धावांनी गेला. कसोटीत दोन बळी मिळवणारे सीएस ते हेच. नुसता कसोटीचा आकडा वाचून त्यांना नापास करणाऱ्याने हे ९१७ चेंडू मोजावेत. १९४६-४७ ला बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीला ५७७ धावा जोडल्या, तो सारा काळ होळकर संघ उन्हात चेंडूमागे धावत होता. सामना एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. पुढच्याच वर्षी याच संघाने मुंबईला हरवून करंडक आणला. त्यांनी बडोद्याच्या मैदानावरून घरी येऊन संघ मोडला नाही, हे आम्हाला करंडकापेक्षा मोठं वाटतं.

निवडीत अन्याय झाले नाहीत असं नाही. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, ९१२ मधल्या १७२ त्यांच्या. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते ४४३ वर नाबाद असताना समोरच्या संघाने सामना सोडून दिला. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. या माणसाला एकही कसोटी मिळाली नाही. सरवट्यांना नऊ मिळाल्या, त्यांत बळी तीनच. पण १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध शेवटच्या जोडीला शुटे बॅनर्जींबरोबर २४९ धावा करणारेही तेच, आणि ठसेतज्ज्ञ म्हणून काम करणारेही तेच. ठशांवरून माणूस ओळखणारा हा गृहस्थ पुढे राष्ट्रीय निवड समितीवर बसला, याची आम्हाला नेहमी मौज वाटते.

सीकेंनी आयुष्यात काय कमावलं असेल तर बघण्याची ही रीत, आणि ती इंदुरात उरली. ९१२ मधले १६४ करणारे माधवसिंह जगदाळे पुढे राष्ट्रीय निवडकर्ते झाले, त्यांचे चिरंजीव संजय जगदाळेही झाले. गोरखपूरहून आलेल्या, अंगाने भारी असलेल्या नरेंद्र हिरवाणी नावाच्या मुलाला संजय जगदाळेंनी हाताशी धरलं. तो मुलगा १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी घेऊन आला. शरीरयष्टी बघून निवडायचं असतं तर तो पहिल्या दिवशीच घरी गेला असता.

होळकर संस्थान गेलं, संघाचं नाव गेलं. त्यानंतर २०२२ च्या जूनमध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक घेतला, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये पोहे-जिलबी वाटली गेली. म्हातारी मंडळी मात्र पहिल्यांदा म्हणायला तयार नव्हती. त्यांच्या हिशेबात तो पाचवा होता.

सीके स्वतः थांबले नाहीत. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दोन दात पडले. वय ५६. दात बाजूला सारून ते पुन्हा उभे राहिले आणि ६६ धावा केल्या. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, क्रिकेटपटूला मिळालेलं ते पहिलं. त्यानंतरच्या हंगामात एकसष्ट वर्षांचे सीके उत्तर प्रदेशकडून रणजी खेळत होते, आणि त्या स्पर्धेतल्या शेवटच्या डावात त्यांनी ५२ धावा केल्या. आम्ही एकसष्टीला बँकेच्या निरोप समारंभाची शाल घडी घालून ठेवली होती! राष्ट्रीय निवड समितीचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

१४ नोव्हेंबर १९६७ ला इंदुरातच ते गेले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक. वडिलांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आज सी. के. नायडू करंडक खेळला जातो तो विशीतल्या मुलांचा. रणजीच्या संघात कुणाला घ्यायचं हे ठरवणारी मंडळी त्या सामन्यांना वही घेऊन बसलेली असतात. होळकर स्टेडियमवर हे सामने होतात तेव्हा तिकीट नसतं आणि सावलीत जागाही मिळते. मुलांना घेऊन जरूर जावं, आणि तासभर फलंदाजाकडे न बघता कव्हरच्या मुलाकडे बघावं.